कार्ड गावाला आहे

डिसेंबरची ९ तारीख. सकाळचे साडेसात वाजताहेत आणि गिरणाऱ्यात मजुरांचा बाजार भरला आहे. हरसूलच्या रस्त्याने येणारी प्रत्येक पिकअप इथे थांबते, मागचं फाळकं पडतं आणि दहा-पंधरा माणसं खाली उतरतात. पेठची, सुरगाण्याची, त्र्यंबकच्या डोंगरातली, काही पार जव्हार-मोखाड्याकडची. बायांच्या हातात डबा, साडीवर पुरुषाचा जुना शर्ट, डोक्याला घट्ट बांधलेला स्कार्फ. कडेला पुठ्ठे पेटवून काही जण हात शेकत आहेत. मोटारसायकलवर आलेले बागाईतदार गाडी बंदही न करता विचारतात, “डिपिंगला किती जणी?” मुकादम भाव सांगतो, शेठ कमी करतो, मुकादम दुसरीकडे पाहतो. साडेतीनशेवर तुटतं. आठ बाया एका गाडीत चढतात आणि गाडी बागांकडे वळते.

द्राक्षाचे हे दिवस नाजूक असतात. ऑक्टोबरात छाटणी झाली, डोळ्यांना पेस्ट लागली, फेलफूट निघाली. आता एकेक घड जीए या संप्रेरकाच्या पाण्यात बुडवायचा, हेच डिपिंग, मग विरळणी करायची. हे काम बायांच्या बोटांचं मानलं जातं. इथून युरोपात जाणाऱ्या द्राक्षाची अपेडा या सरकारी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेटवर नोंद असते. तिकडच्या दुकानातली पेटी कोणत्या गावच्या कोणत्या प्लॉटमधून निघाली, हे उलट माग काढत सांगता येतं. तो घड ज्या बाईच्या हातातून गेला ती कुठली, तिला कितवा महिना चालू आहे, हे मात्र शेजारच्या उपकेंद्रालाही ठाऊक नसतं. आजची सकाळ मी त्यासाठीच इथे उभी आहे.

माझ्याबरोबर जवळच्याच एका वाडीवरची आशाताई आहे. नाव लिहू नका म्हणते, म्हणून लिहीत नाही. गळ्यात ओळखपत्र, काखेत रजिस्टर, हातात रक्तवाढीच्या गोळ्यांची पिशवी. ती या गर्दीत पोटं शोधते आहे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. चौथ्या महिन्यापासून पुढच्या कोणत्याही बाईने यावं. गाव अमुकच हवं अशी अट नाही. पण बाई बागेत, डॉक्टर केंद्रात, आणि दोघांच्या मध्ये साडेतीनशेची हजेरी.

“पोट दिसलं तर शेठ घेत नाय,” एक बाई मला सांगते आणि शर्टाची बटणं लावून घेते. म्हणून शर्ट. थंडीचं निमित्त असतं. आशाताईला हे माहीत आहे. ती पोटाकडे पाहतच नाही. बाई गाडीत चढताना कशाला धरते, उतरताना आधी कुठला पाय टाकते, ते पाहते. पुठ्ठ्यांच्या जाळाजवळ बसलेल्या एकीपाशी ती उकिडवी बसते. एकवीस-बावीसची असेल. डोळ्यांत पिवळट झाक.

“कितवा गं?”

“पाचवा लागला असंल.”

“पाळी कधी आलेली शेवटची?”

“आवणीच्या टायमाला.” भाताची आवणी म्हणजे जुलै. मग थोडं थांबून, “का त्याच्या आधी. ध्यानात नाय.”

“कार्ड कुठाय?”

“कारड घरी आहा. सासूकडं.”

माता-बाल कार्ड सुरगाण्याच्या एका पाड्यावर, पत्र्याच्या पेटीत. आधारही तिथेच. मुकादमाने उचल देताना त्याचा फोटो काढून ठेवला होता, पण मुकादमाचा तो मोबाईल आता बदलला आहे. आशाताई मुकादमाशी बोलायला जाते. तो वाईट माणूस नाही. त्याच्याही बहिणी याच टोळीत आहेत. “दुपारपर्यंत सोडतो. शेठ अर्धी हजेरी कापील, मला बोलू नका,” एवढंच म्हणतो. दोघींची परवानगी मिळते. तिसरी एक पोरगी “सोबत म्हणून” निघते.

काळी-पिवळीत आम्ही पाच जणी. पोरगी खिडकीपाशी बसते आणि ओढणी पुढे ओढून घेते.

केंद्रात आज गर्दी आहे. ओसरीवर बाकं कमी पडली म्हणून बाया भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या आहेत, बहुतेक आसपासच्या गावांतल्या, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट जपलेलं कार्ड. टेबलामागचा नोंदणीचा मुलगा वर न बघता विचारतो, “आरसीएच नंबर?” माता-बाल नोंदणीचा तो नंबर कार्डावर आहे आणि कार्ड पेटीत. “मग आधार?” तेही नाही. मुलगा पेन खाली ठेवतो. त्याच्या आवाजात राग नाही, थकवा आहे. नवीन नंबर काढला तर बाईची दोनदा नोंद पडते आणि वरून विचारणा येते. नाही काढला तर तपासणी ऑनलाइन चढत नाही. “तुमच्या वहीत घ्या ना, ताई,” तो आशाताईला म्हणतो.

आशाताईच्या रजिस्टरात मागची चार पानं वेगळी आहेत. वर निळ्या पेनाने लिहिलंय, ‘बाहेरच्या’. खाली नावं, पाड्याचं नाव, मुकादमाचा नंबर, अंदाजे महिना. या पानांना सरकारी फॉर्मात जागा नाही. आशांची नेमणूक होते ती गावातल्या साधारण हजार माणसांमागे एक अशी, आणि गिरणाऱ्याच्या बाजारात सकाळी उभी असलेली माणसं कोणाच्याच हजारात मोजलेली नसतात. कामाचा मोबदलाही नोंदीवर मिळतो. ग्रामीण भागात जननी सुरक्षा योजनेत आशेला एका बाळंतपणामागे ६०० रुपये मिळतात, निम्मे गरोदरपणातल्या तपासण्यांचे आणि निम्मे दवाखान्यात नेऊन बाळंतपण करवल्याचे. ‘बाहेरच्या’ पानावरची बाई बाळंतपणाआधीच निघून जाते. आशाताई तिच्यासाठी जी धावपळ करते ती स्वतःच्या खिशातून करते, आणि हे मला ती सांगत नाही, काळी-पिवळीवाल्याला ती पैसे देते तेव्हा मला दिसतं.

इथे एक गोष्ट सरळ सांगून टाकते, कारण ओसरीवर बसलेल्या बायांना ती कोणी सांगत नाही. तपासणीसाठी, गोळ्यांसाठी, बाळंतपणासाठी आधार कार्ड दाखवलंच पाहिजे असा कायदा नाही. जून २०११ पासून चालू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण, जाण्या-येण्याची गाडी, सगळं मोफत आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये गुरुग्रामच्या सरकारी रुग्णालयाबाहेर आधार नाही म्हणून ताटकळलेली बाई उघड्यावर बाळंत झाली, तेव्हा खुद्द आधार प्राधिकरणानेच सांगितलं होतं की आधार नाही म्हणून कोणाला वैद्यकीय मदत नाकारता येणार नाही. कागद लागतात ते पैशाच्या योजनांना. मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाचे ५,००० रुपये आधार आणि बँक खात्याशिवाय मिळत नाहीत. व्यवहारात मात्र पैशाच्या खिडकीवरचा प्रश्न तपासणीच्या टेबलावर येऊन बसला आहे, आणि टेबलापाशी उभी असलेली बाई दोन्हींत फरक करू शकत नाही. “कागद नाय” असं म्हणून ती वळते.

सिस्टर तिला वळू देत नाही. “इकडे ये, वजन कर.” एकेचाळीस किलो. रक्तदाब ठीक. बोटातून रक्ताचा थेंब, छोट्या मशीनवर आकडा येतो, ७.६. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन अकराच्या वर असावं लागतं, सातच्या खाली गेलं की धोका गंभीर. सिस्टर आकड्याकडे बघते, मग बाईच्या नखांकडे.

“गोळ्या घेते का?”

“गावाला घेतल्या. इकडं संपल्या.”

“पाणी किती पिते दिवसाचं?”

ती हसते. बाजूची दुसरी बाई उत्तर देते. “पाणी पिऊन जायाचं कुठं, सिस्टर? बागेत सगळीकडं गडी.”

अनेक बागांत बायांसाठी संडास नसतो. मण्यांचा आकार मिलिमीटरमध्ये मोजणाऱ्या, औषधाच्या फवारणीची वेळ डायरीत टिपणाऱ्या या व्यवसायाला चार पत्रे उभे करणं परवडत नाही असं मी मानायला तयार नाही. बाया सकाळी अंधारात एकदा जातात आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर. मधे पाणी टाळतात. गरोदरपणात लघवीच्या जागी होणारा जंतुसंसर्ग, त्यातून येणारा ताप, त्यातून वेळेआधी सुटणाऱ्या कळा. सिस्टर बोटं मोजत सांगते.

डॉक्टर तरुण आहेत. पोटावरून हात फिरवतात, बाळाचे ठोके ऐकवतात. यंत्रातून धडधड येते तेव्हा ती बाई पहिल्यांदा मान वर करते. “हातपाय दुखतात का?” ते विचारतात. “ठणकतात. रातचं जास्ती. थंडीनं.” डॉक्टर थोडे थांबतात. “गावाला सिकलसेलची तपासणी केली होती? बोटातून, मग दंडातून रक्त घेतलेलं?”

“घेतलेलं. मंग कोणी काय सांगितलं नाय.”

डॉक्टर आशाताईकडे बघतात. आशाताई ओसरीच्या टोकाला जाऊन फोन लावते. तिच्याकडे सुरगाण्यातल्या काही आशांचे नंबर आहेत, कुठल्याशा प्रशिक्षणात एकमेकींना दिलेले. पलीकडे रेंज नाही. पुन्हा लावते.

तोवर दुसऱ्या बाईचा नंबर लागतो. ही पस्तिशीची, तीन मुलांची आई, बोलकी. ती अंतराच्या इंजेक्शनसाठी आली आहे. दर तीन महिन्यांनी एक टोचलं की मूल राहत नाही, नवऱ्याला सांगायचीही गरज पडत नाही. तिचं कार्ड तिने आणलंय, ब्लाऊजमध्ये घडी करून. ठरलेली तारीख उलटून वीस दिवस झाले आहेत. “दिवाळी झाली, भात झोडलं, आन् टोळीत आले. इथं कोण देतंय काय ठाव नव्हतं.” ठरलेल्या तारखेनंतर चार आठवड्यांपर्यंत हे इंजेक्शन देता येतं. सिस्टर तारखा मोजते आणि सुई काढते. आणखी दीड आठवडा उशीर झाला असता तर आधी दिवस राहिलेत का ते तपासावं लागलं असतं. स्थलांतराचा हंगाम पाच-सहा महिन्यांचा, इंजेक्शनची मुदत तीन महिन्यांची. प्रत्येक हंगामात एक-दोन डोस घराबाहेर पडणार हे कॅलेंडर बघून कोणालाही कळेल. तरी कार्डावर गावाच्या उपकेंद्राचंच नाव.

इंजेक्शन झाल्यावर ती सहज बोलावं तसं बोलते. मागच्या हंगामात तिला दिवस गेले होते. चौथं नको होतं. टोळीतल्या एकीने मेडिकलमधून गोळ्या आणून दिल्या, पाचशे रुपयांना. “तीन आठवडे अंगावरनं जात व्हतं. वेलाखाली बसून घड काढले. खाडा कोण करील?” कोणी डॉक्टर नाही, सोनोग्राफी नाही, गर्भ पिशवीत आहे की नळीत हे पाहिलेलं नाही. नळीत असता तर ती वेलाखालीच गेली असती. मी तिला सांगते की सरकारी दवाखान्यात गर्भपात मोफत होतो, की १९७१ पासून त्याचा कायदा आहे, की २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, आणि सज्ञान बाईला फक्त स्वतःची संमती लागते, नवऱ्याची सही नव्हे. ती ऐकून घेते. “सही नाय मागत? मला तर बाईनं सांगितलं, नवरा आण, आधार आण.” कुठल्या दवाखान्यात, कुठल्या बाईने, हे तिला आठवत नाही, आणि मीही खोदत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात नेमकं हेच लिहिलं आहे की कायद्यात नसलेल्या अटी डॉक्टरांनी बाईवर लादू नयेत.

“त्यापरीस पिशवीच काढून टाका ना,” ती सिस्टरला म्हणते. “पाळीची कटकट नको, दिवस जायची भीती नको.”

सिस्टर तिचा हात धरते. “तसलं बोलू नको. पस्तिशीत पिशवी काढली तर हाडं जातील.”

हे वाक्य ऐकून मला बीड आठवतं. २०१९ मध्ये ऊसतोड कामगार बायांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी झाली, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ बायांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीत खाडा पडतो, खाड्याचा दंड उचलीतून वळता होतो. त्या हिशेबाच्या दबावाखाली आणि दवाखान्यांनी घातलेल्या भीतीपोटी बाया शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेल्या. नाशिकच्या बागांतली परिस्थिती तशीच आहे असं मी म्हणत नाही. पण पिशवी काढून टाकायची इच्छा इथेही त्याच कारणाने उमटते, आणि ती हसत उच्चारली जाते.

पोरगी अजून ओसरीच्या खांबाला टेकून उभी आहे. सोबत म्हणून आली आहे. आशाताई तिला दोनदा हाक मारते, “तू पण तपासून घे गं, वजन तरी कर.” ती मान हलवते. ओढणी सरकते तेव्हा कळतं, तिलाही चार-पाच महिने झाले असावेत. वय विचारलं तर “एकोणीस” असं पाठ केलेलं उत्तर येतं. चेहरा सोळाचा आहे.

आशाताई मला बाजूला घेते. “आधार हिच्याकडं आहे. दाखवणार नाही.” आधारावर जन्मतारीख असते. अठराच्या आतली मुलगी गरोदर दिसली की पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ११ ऑक्टोबर २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, लग्न झालेलं असलं तरी अठराच्या आतल्या बायकोशी संबंध हा बलात्कारच. म्हणजे तिचा नवरा, जो कदाचित वीस वर्षांचा आहे आणि या क्षणी एखाद्या बागेत पंप पाठीला लावून फिरतो आहे, तो आरोपी. टोळीतल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. म्हणून अशी मुलगी नवव्या महिन्यापर्यंत कोणत्याही केंद्राची पायरी चढत नाही, कळा सुरू झाल्या की झापात, म्हणजे टोळीच्या झोपडीतच सुईण बोलावतात, आणि बाळंतपण अडलं तर मग १०८ ला फोन जातो.

बालविवाह थांबलेच पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात तसूभर शंका नाही. सोळाव्या वर्षी लग्न लावून देणाऱ्या आईबापांना मी हंगामाचं कारण पुढे करू देणार नाही, जरी मला माहीत आहे की झापात वयात आलेली पोर एकटी ठेवण्याच्या भीतीतूनच पुष्कळ लग्नं उरकली जातात. पण जे मूल आता या पोरीच्या पोटात आहे त्याच्यासाठी तिचा रक्तदाब आजच मोजायला हवा. लहान वयाच्या गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येण्याचा धोका अधिक असतो, आणि तो एका पट्ट्याने, दोन मिनिटांत ओळखता येतो. पट्टा दहा पावलांवर टेबलावर पडला आहे. तिचं रक्षण करण्यासाठी केलेल्या कायद्याच्या धाकाने ती त्या दहा पावलांच्या अलीकडे उभी आहे. २०२२ च्या त्याच निकालात न्यायालयाने म्हटलं की गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचं नाव आणि ओळख पोलिसांना कळवताना उघड करण्याची गरज नाही, तिची आणि तिच्या पालकांची तशी विनंती असेल तर. ज्या मुलीला मूल ठेवायचं आहे, फक्त तपासून घ्यायचं आहे, तिलाही असा आडोसा मिळायला हवा.

सिस्टर बाहेर येते, पट्टा हातात घेऊन. कागद, रजिस्टर काही नाही. खांबापाशीच पोरीच्या दंडाला पट्टा गुंडाळते. “एकशे दहा, सत्तर. चांगलं आहे. गोळ्या घेशील का?” पोरगी मुठीत गोळ्या घेते. तिचं नाव कुठेही लिहिलं जात नाही. सिस्टरने जे केलं त्याची कसलीही नोंद राहणार नाही, आणि उद्या काही बिघडलं तर जबाब तिलाच द्यावा लागेल.

ओसरीवर आता जेवणाची वेळ. आसपासच्या गावांतल्या बाया घरी निघाल्यात. टोळीतल्या दोघी डबा उघडतात, नागलीची भाकर आणि चटणी. पाड्यावर असती तर या गरोदर बाईला अंगणवाडीत अमृत आहार योजनेतलं एक वेळचं गरम जेवण मिळालं असतं. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांसाठी २०१५ पासून ते शिजतं. मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत बुडीत मजुरी म्हणून ४,००० रुपये मिळतात, निम्मे नवव्या महिन्यात आणि निम्मे बाळंतपणानंतर, मजुरीवर न जाता घरी राहता यावं म्हणून. या सगळ्या योजना विचारपूर्वक आखलेल्या आहेत. त्या आखताना बाई गावातच असेल असं धरून चाललेलं आहे. पण भात निघालं की सुरगाण्याचे पाडेच्या पाडे रिकामे होतात. तिथे म्हातारी माणसं, कोंबड्या आणि पत्र्याच्या पेट्या राहतात. १९७९ चा स्थलांतरित मजुरांचा कायदाही राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठीच होता. सुरगाण्याहून गिरणाऱ्याला आलेली बाई त्यात बसत नव्हती. ती परक्या मुलखात नाही, म्हणून स्थलांतरित नाही. ती आपल्या गावात नाही, म्हणून लाभार्थी नाही.

सिस्टर पूर्वी नाशिकच्या कारखान्यांच्या भागात, सातपूरकडे होती. ती सांगते, अंबड-सातपूरच्या खोल्यांतल्या बिहारच्या, उत्तर प्रदेशच्या बायांचं हेच. नवऱ्याच्या नावावर कंपनीचं ओळखपत्र तरी असतं, हिच्या नावावर काहीच नाही. सोनोग्राफीला पाठवलं की अडतं. लिंगनिदानविरोधी कायद्याप्रमाणे प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीआधी फॉर्म एफ भरावा लागतो, त्यात नाव-पत्ता, आणि चुकीचा पत्ता लिहिला गेला तर आपल्यावर येईल या धास्तीने केंद्रं आधार मागतात. मुलींचे जीव वाचवण्यासाठी तो फॉर्म हवाच. पण कागद नसलेल्या बाईचा पत्ता कोणी साक्षांकित करायचा, याची साधी सोय कोणी लावलेली नाही.

आणि झापात जन्मलेल्या बाळाचं काय? एकवीस दिवसांत नोंद झाली तर ठीक, वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नाही. याच जिल्ह्यातल्या मालेगावात दिलेल्या उशिराच्या जन्मदाखल्यांवरून जानेवारी २०२५ मध्ये विशेष तपास पथक नेमलं गेलं, राज्यभर उशिराच्या नोंदींचे दाखले देणं काही काळ थांबलं, मार्चमध्ये नियम कडक झाले. शोध होता परदेशी घुसखोरांचा. जाच होतो तो वेलाखाली जन्मलेल्या सुरगाण्याच्या पोराला. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत जन्मदाखला हाच एकमेव पुरावा चालतो. आईकडे कागद होता पण जवळ नव्हता. बाळाकडे मुळात नसणार. सीमेपलीकडून खरोखरच आलेली एखादी बाई या जिल्ह्यात असेल, तर ती या ओसरीपर्यंत कधी पोचणारच नाही. तिच्याही कळा तितक्याच खऱ्या असतील.

फोन लागतो. आशाताई स्पीकर चालू करते. पलीकडे वारा, कोंबड्यांचा आवाज आणि एक खणखणीत आवाज, “हां, माझीच पेशंट ती! दोन महिने शोधते आहे तिला. सासू म्हणते द्राक्षाला गेली, कुठं ते ठाऊक नाही.” ती रजिस्टर उघडते. आरसीएच नंबर सांगते, एकेक आकडा. शेवटची पाळी २८ जून, म्हणजे सहावा महिना केव्हाच लागला आहे, तारीख एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पडते. मग ती म्हणते, “आणि ऐक, तिचा सिकलसेलचा रिपोर्ट माझ्याकडं पडून आहे. ती गेल्यावर आला. वाहक नाही, ग्रस्त आहे.”

डॉक्टर आतून बाहेर आलेले आहेत. सिकलसेलमध्ये रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात. तेच ते हातपायांचं ठणकणं. थंडी आणि पाण्याची कमतरता, दोन्हींनी दुखणं उसळतं, आणि ही पहाटेच्या गारठ्यात ओल्या हातांनी घड बुडवते आणि दिवसभर पाणी टाळते. नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी तिचं रक्त भरणार नाही. २०२३ च्या जुलैपासून देशात सिकलसेल निर्मूलनाची मोहीम चालू आहे, सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट आहे, आणि या बाईपुरतं ते उद्दिष्ट पूर्णही झालं आहे: रक्त घेतलं, अहवाल आला, फाईलला लागला.

डॉक्टर नव्या कार्डावर लाल स्टिकर लावतात, अतिजोखमीची माता. फॉलिक अॅसिडच्या गोळ्या, उद्याच नाशिकच्या सिव्हिलला जाण्याची चिठ्ठी, नवऱ्याच्या रक्ताची तपासणी. “बाळंतपण घरी नाही, पाड्यावर नाही. होळीला गावी गेलीस तरी मोठ्या दवाखान्यातच.” ती कार्ड हातात घेऊन उलटंपालटं करते. आशाताई मुकादमाला फोन लावून सांगते की उद्या ही सिव्हिलला जाणार, नवरा सोबत, आणि परवापासून हिला डिपिंगला लावायचं नाही, निवडायच्या कामाला बसव, पाण्याचा हंडा जवळ ठेव. पलीकडून काहीतरी विचारलं जातं. “शेठला मी बोलते,” ती म्हणते. “नंबर पाठव त्याचा. आणि बायांना जायला आडोसा करायला लाव आधी.”

सुरगाण्याची आशा पहिल्या फोनवर थांबलेलीच आहे. “ठेवू नको हां,” ती पुन्हा सांगते. “तुझ्या बाजूला माझ्या अजून चार जणी आहेत. एक मोहाडीकडं, सातवा महिना, जुळं आहे. दुसरीचं मागचं बाळ पोटातच गेलं होतं. लिहून घेतेस का?”

आशाताई रजिस्टर गुडघ्यावर उघडते, ‘बाहेरच्या’चं पाचवं पान काढते आणि दातांनी पेनाचं टोपण ओढते. “सावकाश सांग,” ती म्हणते. “मुकादमांचे नंबर आधी दे.”